आर्गिरोच्या मापाचा मुकुट

मंगळवार, ५ सप्टेंबर २०२३

आजवर या हातांनी जे केलं त्याची यादी एकदा लिहून ठेवतो, कारण दुसरं कोणी ठेवणार नाही. कानातले, तीनशेच्या वर जोड. त्यातले पहिले चाळीस मोजायच्या लायकीचे नाहीत. कमरपट्ट्यांचे चांदीचे चाप, अकरा. तळ्यातल्या बेटावरच्या चर्चसाठी एक टांगता दिवा, साखळीसकट, साखळीची कडी न् कडी हाताने वळलेली. माझ्या बायकोच्या, फोतिनीच्या, सुयांसाठी काड्यापेटीएवढी डबी. हे अक्रोडाचं टेबल. तार ओढायची पोलादी पट्टी, सव्वीस भोकांची. बाजारात मिळते, पण बाजारच्या पट्टीची भोकं खरी गोल नसतात. या खोलीचं दार, खिडकी, धुराडं. शिकवणारा कोणी नव्हता. एक मोडका जुना कमरपट्टा विकत घेतला, तार न् तार उलगडली आणि परत गुंफली. चौथ्या खेपेला जमलं.

आजपासून नवं काम: लग्नमुकुटांची जोडी, चांदीच्या तारेची. लिंबाची फुलं आणि पानं. आर्गिरोचं लग्न २२ ऑक्टोबरला, रविवारी. सात आठवडे आहेत आणि काम दहा आठवड्यांचं आहे. मी म्हटलं होतं, वसंतात करा, एप्रिलनंतर हवा चांगली असते, आम्हालाही सवड मिळेल. तिने फोनवर एवढंच सांगितलं की बाबा, या वर्षातच हवं. कारण पोलिक्सेनीने सांगितलं. पोलिक्सेनी म्हणजे फोतिनीची थोरली बहीण, पुढच्या गल्लीत राहते आणि मला न विचारता माझं पोट, माझं घर आणि माझा आत्मा यांची काळजी वाहते. म्हणाली, पुढचं लीप वर्ष, लीप वर्षात कोण शहाणा लग्न करतो. मी म्हटलं, मी केलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि ताटलीतले अंजीर निवडू लागली.

तिचं आणखी म्हणणं असं की मुकुट बापाने आणायचे नसतात. ते कुंबारा आणते, म्हणजे जी मैत्रीण चर्चमध्ये नवरा-नवरीच्या डोक्यावरचे मुकुट तीनदा बदलते ती. शिवाय विधुराचा हात लागू नये. ज्याच्या डोक्यावर एकदाच मुकुट चढला आणि ज्याचा जोडीदार हयात आहे, त्यानेच नवरीच्या वस्तूंना हात लावायचा. म्हणजे तिने आणि तिच्या नासोसने, जो सकाळपासून कॉफीच्या दुकानात पत्ते पिसतो. मी विचारलं, नासोसला टाकणखार आणि मीठ ओळखता येतं का?

मंगळवारी इथे कोणी नवं काम सुरू करत नाही. मी केलं. तार ०.३ मिलिमीटरवर आली आहे.

सोमवार, ११ सप्टेंबर

सहा पानं झाली, चार मोडून वितळवली. पानाची शीर मध्यावरून जरा डावीकडे वळलेली असते. लिंबाचं खरं पान समोर ठेवल्यावर कळलं. लोक सरळ करतात, कारण लोक पान बघत नाहीत, दुसऱ्याचं काम बघतात.

फोतिनीच्या आणि माझ्या लग्नात कापडी फुलांचे मुकुट होते. तेव्हा माझा हात बसलेला नव्हता. तिला म्हटलं होतं, बसला की चांदीचे करून देईन. मग गिऱ्हाइकांची कामं येत गेली. कापडी मुकुट तिच्याबरोबर शवपेटीत गेले.

रविवार, १७ सप्टेंबर

काल दुपारच्या बसने आर्गिरो आली आणि आज सकाळच्या बसने परत गेली. ती थेसालोनिकीला औषधांच्या दुकानात आहे, पदवी घेतलेली, गोळीचा चुकीचा डोस दहा पावलांवरून ओळखते. जायची होती आज संध्याकाळी. घडलं ते क्रमाने लिहितो.

मिरच्या भरून ठेवल्या होत्या, तिला आवडतात तशा. जेवताना तिने किल्ली शोधायला पिशवी उपडी केली आणि त्यातून एक पत्र्याची डबी उघडी पडली. आतल्या नऊ वस्तू: दृष्ट टाळायचा निळा डोळा (प्लॅस्टिकचा, साच्यातून काढलेला, कडेला रेघ दिसते), छोटी कात्री, कोळ्याच्या जाळ्याचा तुकडा, लसणाच्या दोन पाकळ्या कापडात, साखरेचा खडा, सोन्याचं नाणं, लाल रेशमी दोरा, एक किल्ली, आणि आजीचा म्हणून पोलिक्सेनीने दिलेला लोखंडी खिळा. मी हसलो. मला वाटलं तीही हसेल. मी म्हटलं, पोरी, एवढं लोखंड घेऊन उभी राहिलीस तर पाद्रीबाबा तुला लोहचुंबकाने ओढतील. ती म्हणाली, "देस्पिनाने यादी दिली, बाबा, सगळ्याच करतात." देस्पिना तिची दुकानातली जोडीदारीण, तीच कुंबारा. एकेक वस्तू पुसून तिने परत डबीत ठेवली, जाळं सगळ्यात खाली.

मग विचारलं, "आईच्या खिशात होती का कात्री?"

मी खरं ते सांगितलं. पोलिक्सेनीने गुपचूप घातली होती, उघडी, वाईट बोलणाऱ्यांच्या जिभा कापायला. चर्चमध्ये पहिल्या ओळीपर्यंत खणखण ऐकू येत होती. मी फोतिनीच्या खिशात हात घालून काढली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. फोतिनी हसली होती. सगळं चर्च हसलं होतं. लोक अजून ती गोष्ट सांगतात, हेही सांगितलं.

ती मिरचीचे तुकडे करत राहिली. खाल्ले नाहीत.

रात्र पडायच्या आत मी तिच्या डोक्याचं माप घेतलं. फीत केसांवरून घसरते, दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणून मेण लावलेला दोरा घेतला. कपाळावरून, कानांच्या वर एक बोट, मागे गाठीच्या जागी नखाने खूण केली आणि कापला. साडेपंचावन्न सेंटिमीटर. ती खुर्चीत अगदी ताठ बसली होती, लहानपणी दात काढून घेताना बसायची तशी. माप वहीत लिहिलं आणि दोरा शेगडीत टाकला, कारण टेबलावर दोरे राहिलेले मला चालत नाहीत.

"दोरा कुठे आहे?" तिने विचारलं.

"जाळला."

"मला हवा होता तो."

कशाला, ते सांगितलं नाही. सकाळी उठलो तेव्हा पिशवी भरून दाराशी होती. म्हणाली, दुकानात कोणीतरी आजारी पडलं. बसमध्ये चढताना माझ्या गालाला गाल लावला आणि म्हणाली, घसा जप.

सोमवार, १८ सप्टेंबर

तिच्या ताटाखाली कागदी रुमाल सापडला. त्यावर तिच्या बारीक अक्षरात एकाखाली एक तीन आकडे: १९९२, २०१६, २०२४. पहिल्या दोहोंभोवती गोल, तिसऱ्यावर काट. औषधांच्या तारखा असाव्यात. वहीत ठेवला आहे, तिला लागला तर.

दुपारी पोलिक्सेनी आली ती दारातूनच बोलत. आर्गिरोने तिला फोन केला होता. जिवंत माणसाचं माप दोऱ्याने घेतात का? दोऱ्याने माप शवपेटीवाला घेतो. जुने गवंडी असं माप घराच्या पायात गाडायचे, भिंत टिकावी म्हणून, आणि ज्याचं माप तो चाळीस दिवसांत जायचा. तू तर जाळलंस. मी म्हटलं, मग बरंच झालं, कोणाच्या भिंतीत नाही गेलं. ती खुर्चीत बसली आणि रडली. पन्नास वर्षांची ओळख, मी तिला रडताना दोनदा पाहिलंय. फोतिनीच्या वेळी, आणि आज. मी तिला कॉफी करून दिली. साखर जास्त पडली.

शनिवार, ३० सप्टेंबर

पहिला मुकुट झाला. तेवीस पानं, नऊ फुलं, अठ्ठेचाळीस ग्रॅम. जोडाचा एकही डाख बाहेरून दिसत नाही. भिंगातून तीनदा पाहिला. खिडकीत धरला की सावली पडते ती मुकुटाहून सुंदर आहे. दाखवायला कोणी नव्हतं, म्हणून बराच वेळ मीच धरून उभा होतो.

आर्गिरो रविवारी फोन करायची, आता बुधवारी करते आणि थोडं बोलते. मिल्तोस, जावई, आधी घेतो, मग तिला देतो. पोरगा बरा आहे, जहाजांवर विजेचं काम करतो, तारा जोडणाऱ्याला मी कधी वाईट म्हणणार नाही. त्याच्या डोक्याचं माप त्यानेच सांगितलं, टोपीच्या आकड्यावरून. अठ्ठावन्न.

रविवार, ८ ऑक्टोबर

आर्गिरोचा फोन, बऱ्याच दिवसांनी रविवारी. पाऊस, पाहुणे, बदामाच्या पुड्या, प्रत्येक पुडीत पाच, विषम आकडा, कारण विषमाचे दोन सारखे वाटे होत नाहीत. हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाली की देस्पिनाने मुकुट आणले आहेत. पोर्सिलीनची फुलं. रीतच आहे, बाबा, कुंबाराला नाही कसं म्हणू.

मी विचारलं, किती जाडीचे?

ती म्हणाली, "तुझे आपण घरात लावू ना, भिंतीवर. पेटीत घालून. लोक बघतील."

मी म्हटलं, माझं काम भिंतीवर लावायचं नसतं. फोन ठेवला. मग परत लावायला हवा होता.

सोमवार, ९ ऑक्टोबर

काम केलं नाही.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

दुसरा मुकुट पूर्ण केला. अर्धं काम टेबलावर ठेवणं माझ्या स्वभावात नाही, एवढंच. दोन्ही पांढऱ्या फितीने जोडले, कापड टाकून ठेवले. कोणी आलं नाही. पोलिक्सेनीने पाईचा डबा दाराबाहेर ठेवला होता, हाक न मारता.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

काल पलंग सजवायचा कार्यक्रम झाला. त्यांचं बिऱ्हाड थेसालोनिकीला, तिथे सगळ्या बायकांना कोण नेणार, म्हणून आमच्याच घरात, आर्गिरोच्या खोलीत. नवा पलंग मी जोडला. कारखान्यातून आलेल्या एका खिळीची मळसूत्रं तिरकी होती, दुसरी करून बसवली. पलंग डुगडुगेनासा झाल्यावर पोलिक्सेनी म्हणाली, आता तू बाहेर.

मी स्वयंपाकघरात बसलो. आत लग्न न झालेल्या पोरींनी चादर तीनदा घातली आणि दोनदा उधळली. तांदूळ, बदाम, नोटा पलंगावर पडल्याचे आवाज येत होते. कुणाचं तरी सात महिन्यांचं बाळ पलंगावर लोळवलं, मुलगा व्हावा म्हणून. त्याने चादर ओली केली आणि बायकांना इतका आनंद झाला की भांडी हलली. आर्गिरोचं हसू मी ओळखलं. तसं मोकळं हसू या घरात सात वर्षांत ऐकलेलं नाही. ते दाराच्या पलीकडे होतं. बायका बाहेर आल्या त्या थू थू करत, दृष्ट लागू नये म्हणून. एकीने माझ्यावरही केलं, चुकून असावं.

रविवार, २२ ऑक्टोबर

सगळे झोपले आहेत. हातांना अजून तांदळाचा वास आहे. जे झालं ते लिहून टाकतो.

सकाळी वरच्या मजल्यावर तिला कपडे घालणं चाललं होतं. मी दाढी करून, कोट घालून खाली कामाच्या खोलीत बसलो, कारण दुसरीकडे कुठेही मी वाटेत येत होतो. साडेदहाला दार उघडलं. आर्गिरो, पांढऱ्या पोशाखात, पायात एकच बूट. दुसरा वर असणार, त्याच्या तळव्यावर लग्न न झालेल्या मैत्रिणी आपापली नावं लिहीत होत्या, जिचं पुसेल ती पुढची नवरी. मागे जिन्यात पोलिक्सेनी म्हणत होती की त्या खोलीत जाऊ नकोस, आज तरी नको.

तिच्या तळहातावर ती डबीतली कात्री होती, दोन तुकड्यांत. मधला खिळा निघाला होता. हलक्या पोलादाची, मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. ओठांना रंग होता तरी चेहरा पांढरा पडला होता.

"दुसरी आणतात सगळ्या," ती म्हणाली. "वर सहा कात्र्या जमल्यात. पण मला वाटलं तू..."

मी चष्मा लावला. दीड मिलिमीटरची चांदीची तार कापली, भोकात बसवली, दोन्ही बाजूंनी हलक्या हातोडीने डोकं काढलं. उघडीच राहावी म्हणून मध्ये पितळेची एक चकती घातली. टोकं घासून बोथट केली, कापडातून लागू नयेत म्हणून. खडखडू नये म्हणून पात्यांच्या मुळाशी मेण भरलं. चार मिनिटं. ती माझ्या खांद्याशी उभी राहून बघत होती. टेबलावर कापडाखाली मुकुट होते. तिने तिकडे एकदा पाहिलं. कापड उचललं नाही. मीही उचललं नाही.

कात्री पुढे केली तर ती घेईना. पोशाखाच्या घड्यांत शिवलेला खिसा तिने दोन बोटांनी उघडून धरला.

"तू ठेव."

मी म्हटलं, मावशीला बोलव, तिचा हात चांगला.

"मला तुझ्या हातची हवीय, बाबा. तूच ठेव."

ठेवली. खिसा चांगला खोल होता. पोलिक्सेनी दारात उभी होती. मला वाटलं ओरडेल. तिने छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, झिसिस, टाय वाकडा आहे तुझा, आणि सरळ केला.

चर्चमध्ये मी डाव्या बाजूला होतो. पोर्सिलीनच्या मुकुटाच्या तिसऱ्या फुलाची पाकळी गोंदाने चिकटवलेली होती, गोंद पिवळा पडत चाललाय. आर्गिरोच्या डोक्यावर तो मुकुट मागे झुकत होता. देस्पिनाने तीन वेळा बदलले, पाडले नाहीत. मग वेदीभोवती तीन फेऱ्या, आणि तांदळाचा असा मारा की पाद्रीबाबांनी पुस्तक डोक्यावर धरलं. त्या सगळ्या वेळात मी एकच आवाज ऐकायचा प्रयत्न करत होतो, कात्रीचा. आला नाही. मेण बरोबर बसलं होतं.

नाचताना ती माझ्याकडे आली. मी एक फेरी नाचलो. गुडघा दुखतो, हे तिला माहीत आहे, तिने दुसरी मागितली नाही.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

आज दिमित्रिओस संताचा दिवस, थेसालोनिकीला सुट्टी. सकाळपासून फोन टेबलावर ठेवला होता. फोन जवळ असला की डाख देता येत नाही, लक्ष उडतं, म्हणून हत्यारं पुसत बसलो. नंतर तीही पुसून झाली. दुपारी जेवलो नाही, भूक नव्हती.

संध्याकाळी सातला तिचा फोन आला. म्हणाली, कालची भाजी संपवतोय, मिल्तोसने नळ दुरुस्त करताना स्वयंपाकघर बुडवलं. मी विचारलं, तब्येत कशी आहे. म्हणाली, ठणठणीत. मी परत विचारलं. ती म्हणाली, "ठणठणीत आहे, बाबा. मीही चाळीस दिवस मोजत होते." मग दोघंही नळाबद्दल बोललो, वॉशर कोणता घ्यायचा ते.

पोलिक्सेनीला निरोप द्यायला गेलो. तिने आधीच मेणबत्ती लावली होती.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

वही चाळताना तो कागदी रुमाल हाती आला. १९९२ आमचं लग्न. २०१६ मार्चमध्ये फोतिनी. दोन्ही आकडे चारने भागून पाहिले. मग दिवा मालवला.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

दुपारी गिओनास आला, तळ्याकाठच्या चांदीवाल्यांतला. तीन पिढ्यांचं दुकान, आजोबांचं नाव पाटीवर. १९८९ साली मी याच्याकडे काम मागायला गेलो होतो, तेव्हा त्याने माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला होता की मेंढ्या राखणाऱ्याच्या बोटांत तारकाम उतरत नाही. इतक्या वर्षांत त्याने माझा उंबरा ओलांडलेला नाही. आज सोबत त्याची सून होती. नासोसने कॉफीच्या दुकानात मुकुटांचं वर्णन केलं असणार, न बघता.

कापड काढलं. गिओनासने खिशातून स्वतःचं भिंग काढलं आणि पाव तास घेतला. फुलं बघितली, पानांच्या शिरा बघितल्या, आतली बाजू बघितली. शेवटी म्हणाला, "झिसिस, असं काम माझ्या आजोबांनंतर या गावात झालेलं नाही." हे वाक्य मी चौतीस वर्षं वेगवेगळ्या तऱ्हांनी ऐकत आलो होतो, मनात. प्रत्यक्षात त्याचा आवाज थोडा बसलेला होता.

मग त्याने लहान मुकुट उचलला आणि सुनेला म्हणाला, जरा घालून दाखव गं. तिने डोकं पुढे केलं. मी त्याच्या हातातून मुकुट काढून घेतला. जोरात घेतला असेन, कारण ती मागे सरकली. मी माफी मागितली.

गिओनासने आकडा सांगितला. मी नाही म्हणून मान हलवली. त्याने वाढवला, मग परत वाढवला. विचारलं, मुलीने तर घातले नाहीत, इथे ठेवून करणार काय? मी म्हटलं, विकण्याजोगे नाहीत. का, म्हणाला. मी सांगितलं की आतल्या बाजूला एका पानाचा डाख कच्चा राहिलाय, घाईत काम झालं, निघून येईल. त्याने भिंग परत डोळ्याला लावलं आणि बराच वेळ शोधलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि भिंग खिशात ठेवलं.

तीन हजार दोनशे युरो देत होता.